गाडी बंद करायची नाही

सॅस्काटूनमध्ये जानेवारीत कुणी कुणाला "कसं काय, बरं आहे ना" असं विचारत नाही. "सुरू झाली का?" असं विचारतात. प्रकृतीची, बायकोची, पोराबाळांची चौकशी एप्रिलनंतर. पारा उणे चाळिसाच्या खाली गेला की माणसाची लायकी त्याची गाडी सकाळी सुरू होते की नाही यावर ठरते. ज्याची होत नाही त्याला लगेच दुसरा प्रश्न येतो, "रात्री प्लग लावला होतास ना?" एखाद्या गृहस्थाला चारचौघांत "आंघोळ करता ना?" असं विचारावं, तसा हा प्रश्न आहे. माझा जन्म इथला. इंजिनाला हीटर असतो, त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते, ती रात्री पार्किंगच्या खांबावरच्या सॉकेटात खोचायची, हे मी बहुधा बोलायच्या आधी शिकलो असेन. तरीही त्या गुरुवारी सकाळी भेटेल त्याने मला हाच प्रश्न विचारला. त्यात एक जण तर फिलिपीन्सहून आलेला होता.

त्या गुरुवारी माझी मुलगी लारिसा देश सोडून चालली होती. ब्रिस्बेनला. तिचा नवरा आधीच तिकडे जाऊन पोचला होता आणि अर्ध्या चड्डीतले स्वतःचे फोटो आम्हाला पाठवत होता. आता लारिसा आणि पाच वर्षांची टेस, आमची नात, दोघी निघाल्या होत्या. लारिसा आमची एकुलती एक. परत कधी येणार हे मी तिला विचारलं नव्हतं. उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते तिच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

विमानतळावर जायला तिने टॅक्सी ठरवली होती. ती मी रद्द करायला लावली. बाप जिवंत असताना मुलगी टॅक्सीने कशी जाते ते बघतो, असं मी म्हणालो. त्यामागे नुसता हट्ट नव्हता. आमच्या बायडाक घराण्यात पुरुषमाणसं समोरासमोर बसून मनातलं काही बोलत नाहीत. बोलायचंच झालं तर गाडीत, रस्त्याकडे बघत. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात दोन-तीनच प्रेमाची वाक्यं ऐकवली आणि ती सगळी ट्रकमध्ये, पुढच्या काचेला उद्देशून. मलाही लारिसाला काही सांगायचं होतं. तू गेल्यावर मला करमणार नाही, तू चांगली मुलगी झालीस, वगैरे. साधंच होतं, पण ते स्वयंपाकघरात उभं राहून माझ्याने झालं नसतं. तिच्या घरापासून विमानतळापर्यंतचा रस्ता त्याला बरोबर पुरला असता. कुठल्या सिग्नलवर काय बोलायचं हेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं.

माझी बायको व्हर्ना आदल्या संध्याकाळी बादल्या आणि फडकी घेऊन लारिसाकडे गेली. भाड्याचं घर सोडायचं तर ते चकचकीत करून सोडायला हवं, असं तिचं मत. जाता जाता म्हणाली, "ऑरेस्ट, टॅक्सी असू दे रे. उद्या उणे त्रेचाळीस सांगितलंय." मी म्हणालो, "माझ्या गाडीवर तुझा विश्वास नाही का?" ती म्हणाली, "गाडीचं कोण बोलतंय?" आणि वाद न घालता निघून गेली. ती वाद न घालता गेली की पुढे माझंच चुकलेलं निघतं, इतकं मला इतक्या वर्षांत समजलं आहे. फक्त समजतं ते दरवेळी नंतर.

रात्री मी खाली जाऊन प्लग लावला. लावला म्हणजे लावला. ओढूनही पाहिला.

सकाळी सामानासकट वेळेवर बसता यावं म्हणून चांगला लवकर उतरलो. नाकातले केस पहिल्याच श्वासाला ताठ झाले. गाडीचं दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं, चर्चमधल्या बाकासारख्या कडक झालेल्या सीटवर बसलो आणि किल्ली फिरवली. गाडी "खट्" म्हणाली. पुन्हा फिरवली, तर तेवढंही म्हणाली नाही. मी तिच्याशी आधी गोड बोललो, मग आमच्या आजोबांच्या युक्रेनियन भाषेत बोललो. त्या भाषेतले मला येणारे सगळे शब्द याच कामाचे आहेत. उपयोग झाला नाही.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. शेजारचे क्लॅरेन्स वीबे. शेती विकून शहरात राहायला आले त्याला बरीच वर्षं झाली, पण पहाटे उठून कुणाच्या तरी जनावराला काय झालंय हे बघत हिंडायची सवय काही सुटली नाही. आता जनावरं उरली नाहीत म्हणून ते गाड्या बघतात. काच खाली होईना, म्हणून मी दार उघडलं.

"प्लग लावला होतास ना?" वीबे म्हणाले.

मी न बोलता खांबाकडे बोट दाखवलं. वीबेंनी वायर उपटली, घरून आणलेला छोटा दिवा सॉकेटात खोचला आणि मान हलवली. दिवा लागला नाही. खांब मेला होता. वीबे दुःखाने म्हणाले की हे त्या नव्या यंत्राचं काम दिसतंय.

या यंत्राविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या सोसायटीच्या कमिटीने वीज वाचवण्यासाठी ते गेल्या उन्हाळ्यात बसवलं. बाहेरची थंडी मोजायची, आणि खरोखरच कडाका असेल तरच लांबच्या ओळीतल्या खांबांना वीज सोडायची, असं त्याला नेमून दिलेलं काम. कल्पना उत्तम. पण थंडी मोजायची डबी बसवणाऱ्याने ती सोयीची जागा बघून धुलाईच्या खोलीच्या भिंतीवर बाहेरून बसवली. कपडे वाळवायच्या यंत्रांची वाफ जिथून बाहेर पडते त्याच्या अगदी वरती. रात्रभर कुणीतरी चादरी वाळवत होतं. त्यामुळे सगळं शहर गोठत असताना आमच्या यंत्राच्या मते बाहेर छान वसंत आला होता, आणि वसंतात इंजिन गरम करणं म्हणजे उधळपट्टी. आमच्या ओळीतले निम्मे लोक हिवाळ्यापुरते उबदार ॲरिझोनात पळालेले असल्यामुळे तक्रार करायलाही कुणी नव्हतं. यंत्र बसवायच्या ठरावाला कमिटीत हात कोणी वर केला होता, असं मी वीबेंना विचारलं. ते बुटाच्या टोकाने बर्फ उकरत म्हणाले की हात सगळ्यांनीच वर केला होता, त्यांनी जरा कमी वर केला होता.

मी सोसायटीचं काम बघणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मिस प्रुइट नावाच्या बाई इतक्या गोड बोलतात की आपलं काम होणार नाही हे आपल्याला फोन ठेवल्यावरच कळतं. त्यांनी माझ्या पार्किंगच्या गाळ्याचा क्रमांक विचारला आणि म्हणाल्या की त्या गाळ्याविषयी मला तक्रार करता येणार नाही, कारण तो गाळा माझा नाही. तो वीबेंचा आहे. हे खरं होतं. वीबेंचा गुडघा दुखतो म्हणून मागे मी माझा दाराजवळचा गाळा त्यांना दिला होता आणि त्यांचा लांबचा मी घेतला होता. वीबे हिवाळ्यात गाडी चालवत नाहीत. म्हणजे माझ्या चालत्या खांबाशी त्यांची न चालणारी गाडी आरामात उभी होती. माणसाने चांगुलपणा करू नये असं मी म्हणत नाही, पण निदान नोव्हेंबरनंतर करू नये.

मग मी फोन वीबेंच्या हातात दिला. त्यांनी कानटोपी वर केली आणि मिस प्रुइटच्या आईच्या खुब्याची चौकशी केली. खुब्यावरून गोष्ट डॉक्टरवर गेली, डॉक्टरवरून त्यांच्या गावाकडच्या कुणा पीटर फ्रीझनवर. मी शेजारी उभा राहून पाय आपटत होतो. शेवटी वीबेंनी फोन परत दिला आणि आनंदाने सांगितलं की बाई फार चांगल्या आहेत. यंत्र हाताने चालू करता येतं. त्याला कमिटीच्या दोन सभासदांची परवानगी लागते. एक वीबे स्वतः.

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"ॲरिझोनात," वीबे म्हणाले.

प्लग मात्र परत खांबाला लावून ठेव, असंही त्यांनी सुचवलं. यंत्राचं मन कधीही बदलू शकतं. मी लावून ठेवला.

एवढ्यात लारिसाचा फोन आला. सगळं ठीक आहे ना, तिने विचारलं. मी म्हणालो, अगदी ठीक, गाडी तापते आहे. ती म्हणाली, "बाबा, नसेल होत तर सांग. मी काहीतरी बघते." मी दुखावलो. नसेल होत म्हणजे काय? निघालोच, असं मी सांगून टाकलं. आता मी निघालेलो होतो आणि गाडी निघालेली नव्हती, एवढाच काय तो फरक राहिला.

याच वेळी नेस्टर मागबानुआ प्रकट झाला. तिसऱ्या मजल्यावर राहतो. मनिलाहून आलेला, हा त्याचा तिसरा हिवाळा. आमच्यासारख्या इथल्या लोकांनी थंडी सोसलेली असते, नेस्टरने ती अभ्यासलेली आहे. मोबाइलवर सगळे व्हिडिओ बघून झालेत. तो माणूस मनाचा फार चांगला आहे आणि मला त्याचा अतिशय राग येतो.

"ऑरेस्ट सर," तो अदबीने म्हणाला, "रात्री प्लग लावायला विसरलात का?"

वीबेंनी माझ्या वतीने सगळा इतिहास सांगितला, आणि सांगताना ठरावाचा भाग गाळला. नेस्टर धावत जाऊन आपल्या गाडीतून बॅटरीला जोर देणारा एक खिशात मावेल एवढा डबा घेऊन आला. त्याने तो मोठ्या मेहनतीने निवडून मागवला होता. त्यावर चार दिवे होते, त्यातला एकही लागला नाही. डबा रात्रभर डिकीत पडून होता आणि माझ्या बॅटरीइतकाच गारठला होता. त्याला घरात नेऊन गरम करावं लागेल, असं नेस्टर म्हणाला. गाडी सुरू करणाऱ्या यंत्राला आधी कुणीतरी सुरू करायचं, असा प्रकार.

तोवर बॅटरी तरी बघू म्हणून मी बॉनेट उघडायची कडी ओढली. ती सुटून माझ्या हातात आली. या थंडीत प्लॅस्टिकमध्ये काही जीव राहत नाही. दोन वर्षांपूर्वी याच गाडीच्या गोठलेल्या दारात माझी दुसरी किल्ली मोडली होती, तिचा अर्धा तुकडा अजून आत आहे. आता हातात कडी घेऊन मी उभा आणि बॉनेट घट्ट बंद. वीबे म्हणाले की त्यांच्या काळी बॉनेटला बाहेरून कुलपं असायची. नेस्टर म्हणाला की यावर एक व्हिडिओ आहे. मी घरात जाऊन पायरोगी, म्हणजे आमच्या युक्रेनियन करंज्या, परतायचं व्हर्नाचं लांब उलथनं घेऊन आलो. ते तिच्या आईकडून आलेलं आहे. बॉनेटच्या फटीत घालून, वाकवून, शिव्या देऊन मी ते आतल्या खिट्टीपर्यंत पोचवलं. खिट्टी सुटली आणि उलथनं वाकलं. ते आता पुन्हा सरळ होणार नाही हे बघताक्षणीच कळत होतं. मी ते मागच्या सीटखाली ढकललं आणि वीबेंकडे असं बघितलं की त्यांनी त्यावर काही बोलू नये.

नेस्टरने मधल्या वेळात तिसऱ्या मजल्यावरून पिवळी वायर खाली सोडली होती. तिच्या टोकाला त्याच्या बायकोचं केस वाळवायचं यंत्र. त्याची गरम फुंकर बॅटरीवर मारायची, असा बेत. वायर थंडीने इतकी ताठ झाली होती की ती लोंबत नव्हती, उभी राहिली होती. फुंकर थोडा वेळ छान चालली. मग वरून नेस्टरच्या बायकोचा आवाज आला, की आतली वीज गेली, भात अर्धा कच्चा आहे, आणि ही गाडी नक्की कुणाची आहे? नेस्टरने तिला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यात "ऑरेस्ट सर" एवढंच मला कळलं, आणि ते ज्या सुरात म्हटलं गेलं त्यावरून बाकीचं कळलं नाही तेच बरं.

लारिसाचा पुन्हा फोन. "बाबा, कुठे आहेस?" मी म्हणालो, "रस्त्यात." हे पार्किंगमध्ये उभं राहून म्हणताना मला वीबेंनी आणि नेस्टरने, दोघांनी ऐकलं. दोघेही सभ्य माणसं, दोघांनी आकाशाकडे बघितलं.  वेळ चालली होती, आणि माझ्या मनातल्या सिग्नलांपैकी एक एक सिग्नल गळत चालला होता.

डेल्फीन आर्कँड आली ती आपल्या मोठ्या ट्रकमधून. शहर बसची ड्रायव्हर आहे, तळमजल्यावर राहते, आणि रस्त्यावरच्या सगळ्या माणसांना आपले उतारू समजते. कामावर निघाली होती. आम्हा तिघांना उघड्या बॉनेटभोवती उभं बघून तिने ट्रक थांबवला.

"कोण गेलं?" ती म्हणाली. "आणि प्लग लावला नव्हता का?"

 तिला उत्तराची गरज नव्हती. तिने ट्रक माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभा केला, सीटमागून बूस्टच्या, म्हणजे एका बॅटरीचा जोर दुसरीला द्यायच्या, जाड केबल काढल्या आणि आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. वीबेंचं म्हणणं पडलं की काळी केबल शेवटी इंजिनाच्या लोखंडाला लावायची. डेल्फीनचं म्हणणं पडलं की ती सरळ बॅटरीला लावायची, ती आयुष्यभर तशीच लावते आणि तिचा कधी स्फोट झालेला नाही. वीबे म्हणाले की त्यांच्या मेव्हण्याचा झाला होता. नेस्टरने मोबाइल काढला. त्या उणे त्रेचाळिसात काळ्या केबलवरून जी चर्चा झाली ती इतकी सखोल होती की मला वाटलं ही चर्चा संपेपर्यंत ब्रिस्बेनला विमान उतरेल. शेवटी मी केबल हिसकावून घेतली आणि हाताला येईल तिथे लावली.

थोडा वेळ ट्रकला रेस देऊन झाल्यावर डेल्फीनने खूण केली. मी किल्ली फिरवली. गाडी कण्हली, खोकली, थरथरली, मागून पांढऱ्या धुराचा ढग सोडला आणि सुरू झाली. वीबेंनी टोपी काढून पुन्हा घातली. नेस्टरने टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिथेच गोठलं.

डेल्फीन केबल गुंडाळत खिडकीशी आली. "नीट ऐक," ती म्हणाली. "ह्या बॅटरीत काही राहिलेलं नाही. नवी बसेपर्यंत गाडी बंद करायची नाही. पेट्रोल भरताना नाही, कॉफी घेताना नाही, पोलिसांनी सांगितलं तरी नाही. एकदा बंद केलीस तर ती तुझी नाही."

हे तिने मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे चालू गाडी बंद करणं ही गोष्ट माणूस विचार करूनच करतो. मी हात हलवून सगळ्यांचे आभार मानले आणि निघालो. आरशात बघितलं तर तिघेही माझ्यामागे धावत हात हलवत होते. वीबेसुद्धा, त्या गुडघ्याने. इतकी माणसं आपल्यावर इतका जीव लावतात हे बघून मला भरून आलं. मी हॉर्न वाजवून त्यांना प्रतिसाद दिला.

रात्रभर एका जागी उभी राहून टायरांचा खालचा भाग सपाट होऊन गोठला होता, त्यामुळे गाडी धडक-धडक करत चालली होती. त्या आवाजात खालून दुसरा कसला खडखडाट येतोय हे मला कळलं नाही. पुलाजवळ आलो तेव्हा लारिसाचा फोन आला. त्या निघाल्या होत्या. खालचा भाडेकरू कामावर जात होता, त्याच्या ट्रकमध्ये सामान टाकलं. तिचा आवाज चिडलेला नव्हता. चिडली असती तर बरं झालं असतं. "तू सरळ विमानतळावर ये, बाबा. हळू चालव."

म्हणजे रस्त्यातलं बोलणं गेलं. पण दारात तरी भेटेन, मिठी मारेन, चार शब्द तिथे बोलेन, असं मी स्वतःला समजावलं. माणूस उभं राहूनही बोलू शकतो. निदान इतरांना मी तसं बोलताना बघितलं आहे.

विमानतळाच्या दारापुढे गाडी उभी केली तर पिवळ्या जॅकेटातली एक बाई लगबगीने आली. मी काच खाली करायच्या आतच ती गाडीच्या पुढे वाकली आणि सरळ होऊन म्हणाली, "सर, तुमची वायर लोंबतेय. आणि तिच्या टोकाला काहीतरी आहे."

खाली उतरून पाहिलं. वायर होती, आणि तिच्या टोकाला आमच्या सोसायटीच्या खांबावरची सॉकेटाची अख्खी डबी, स्क्रूसकट. शहरभर मी ती फरफटत आणली होती. मागे धावणारे तिघे माझ्यावर जीव लावून धावत नव्हते. मी ती डबी उचलून शेजारच्या सीटवर ठेवली. आता त्या खांबाविषयी मिस प्रुइटकडे कुणाला तरी तक्रार करता येईल, एवढंच बरं झालं.

मग मी त्या बाईला विनंती केली. मुलगी चालली आहे, कायमची, पाच मिनिटांत आलो, गाडी चालू राहू दे. तिने मान हलवली. दारापुढे माणसाशिवाय चालू गाडी ठेवता येत नाही. पलीकडे पार्किंग आहे, तिथे लावा.

"बंद करावी लागेल," मी म्हणालो. दुसरी किल्ली नसल्यामुळे चालू गाडीला कुलूप लागत नव्हतं, आणि हिवाळ्यात उघडी चालू गाडी पार्किंगात सोडली तर ती परत आल्यावर तिथे नसते.

"मग करा बंद," ती म्हणाली.

"बंद केली तर सुरू होणार नाही."

ती वाईट बाई नव्हती. तिने पार्किंगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अहो, देईल की कुणीतरी बूस्ट. इथे कोण नाही म्हणणार आहे?"

हे अगदी खरं होतं. त्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभा राहिलो असतो तर अनोळखी माणसांची रांग लागली असती. या गावात कुणी कुणाला बूस्ट नाकारत नाही, शत्रूला नाही. पण त्यांनी आधी प्लगचं विचारलं असतं. मग मी ती डबी दाखवली असती. सकाळपासून माझी जेवढी शोभा झाली होती तेवढी पुरे होती. मी म्हणालो की मी गाडीतच थांबतो. ती म्हणाली, थोडा वेळच.

मोठ्या काचेपलीकडे त्या तिघी दिसत होत्या. सामान देऊन झालं होतं. टेसने उन्हाळी टोपी घातली होती, आतापासूनच. व्हर्ना काहीतरी तिच्या खिशात कोंबत होती. लारिसाने मला बघितलं आणि फोन कानाला लावला. माझ्या हातातला फोन वाजला.

"बाबा, आत ये ना. थोडा वेळ आहे अजून."

"गाडी चालू आहे गं."

 दुसऱ्या कुठल्याही गावची मुलगी म्हणाली असती, मग काय झालं? पण लारिसा इथली. तिने एवढंच विचारलं, "बंद केलीस तर नाही होणार?"

"नाही होणार. बॅटरी संपली आहे."

"मग नको करूस बंद," ती म्हणाली. "बस तू गाडीतच. गाडीत बसून फोनवर तरी बोलता येतं."

आणि मग मी तिला सगळं सांगितलं. तुला सांगतो, त्या यंत्राला वाटलं बाहेर वसंत आलाय. वीबेंनी हात जरा कमी वर केला होता. केबलवरून कसली भांडणं झाली ते. फिलिपीन्सचा भात कच्चा राहिला ते. आईला उलथन्याचं एवढ्यात सांगू नकोस म्हणालो. लारिसा हसली. काचेपलीकडे तिचे खांदे हलताना दिसले आणि एक सेकंदाने हसणं कानात आलं. ती हसते आहे म्हणून मी आणखी सांगत गेलो. मला वाटत होतं की आपलं छान चाललंय. तिने फोन टेसच्या कानाला लावला.

"गिडो," टेस म्हणाली, आजोबांना आमच्यात गिडो म्हणतात, "तू तिथे काय करतोयस?"

"गाडी सांभाळतोय."

"का?"

मी काही बोलायच्या आत फोन परत लारिसाकडे गेला. तिचा आवाज बदलला होता. "बाबा, आता आत बोलावताहेत. जाते मी."

आता बोलायचं होतं. ठरवलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. समोर काच होती, रस्त्याकडे बघत बोलावं तसं बघायलाही सोय होती. मी म्हणालो, "तिकडे गाडी घेशील तेव्हा बॅटरी नीट बघून घे."

"बघते," ती म्हणाली. ब्रिस्बेनमध्ये बॅटरी कशाने गारठणार आहे, हे तिने मला विचारलं नाही. तिने हात वर केला, टेसने दोन्ही हात वर केले, आणि त्या तपासणीच्या पडद्याआड गेल्या. पिवळ्या जॅकेटातली बाई काचेवर टकटक करून निघा म्हणत होती. मला ती नीट दिसत नव्हती.

व्हर्ना बाहेर आली, सीटवरची डबी उचलून मांडीवर घेतली आणि बसली. ती काय आहे हे तिने विचारलं नाही. हीटरच्या झरोक्यापुढे तिने हात शेकले. मग म्हणाली, "मला फोन करायचास ना. मी येऊन बसले असते गाडीत. तू आत गेला असतास."

एवढ्या सगळ्या सल्लागारांत हे मला कुणी सुचवलं नव्हतं. माझं मलाही सुचलं नव्हतं.  माझ्या तोंडातून मात्र निघालं ते असं, "हिला मधूनमधून थोडी रेस द्यावी लागते. नाहीतर बंद पडते."

"दिली असती," व्हर्ना म्हणाली, आणि तिने पट्टा लावला.